नकाशाची भोकं

आधीच एक सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बाईने लपवलं. मला न बघता ‘बघितलं’ म्हणायची सवय आहे. खोटं बोलायची हौस म्हणून नाही. समोरचा घाबरलेला असला की मला धीरच धरवत नाही. त्याने एकदाचं शांत व्हावं आणि मला माझं काम करू द्यावं, एवढंच मला हवं असतं.

माझा धाकटा भाऊ लहानपणी भित्रा होता. आमच्या इमारतीत जिन्याखाली एक अंधारी खोली होती, तिथे सगळ्यांच्या सायकली. शाळेच्या वेळेला सायकल काढायची तर हा आपला दाराबाहेर उभा. "ताई, आत बघितलंस ना?" मी वरूनच, वेणी घालता घालता, "बघितलं, काही नाही, जा आता." एकदा आत मांजर व्याली होती. तिने याचा हात मनगटापासून कोपरापर्यंत ओरबाडला. आई माझ्यावर धावून आली, तर हा रडत रडत आईलाच सांगतो, "ताईने बघितलं होतं गं. मांजर नंतर आली असेल."

हा भाऊ आता कोल्ड स्टोरेजमध्ये मेकॅनिक आहे, आणि मी ड्रोनच्या गाडीत बसते.

कुठे गॅस गळला, कुठे आग लागली की बंबाच्या मागोमाग आमची गाडी जाते. गाडीत दोन माणसं, मी आणि मास्तर. मास्तर पूर्वी शाळेत विज्ञान शिकवायचे, आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. ते ड्रोन उडवतात, बॅटऱ्या बदलतात. मी पडद्यासमोर बसून नकाशा बघते. ड्रोन पाच. त्यातल्या चारांना आम्ही ‘नाक’ म्हणतो, कारण त्यांचं काम हवेतला गॅस हुंगायचं. प्रत्येक नाकाला आपापला भाग नेमून दिलेला असतो. एकाला काय लागलं ते तो बाकीच्या तिघांना कळवतो, आणि चौघं मिळून गॅस किती आहे आणि कुठे सरकतोय ते ठरवतात. पाचवा पोस्टमन. तो सगळ्यांच्या वर, उंच टांगल्यासारखा थांबतो. नाकांचे आकडे गोळा करून गाडीत पाठवायचे आणि आमच्या वॉकीटॉकींचं बोलणं इकडून तिकडे पोचवायचं, हे त्याचं काम. तो जागेवरून हलला की आम्ही आंधळे आणि बहिरे, दोन्ही एकदम.

नकाशावर हिरवं म्हणजे मोकळी हवा, पिवळं म्हणजे जपून, लाल म्हणजे पाऊल टाकायचं नाही. आणि जिथे कुणीच बघत नाही तिथे काळं. निदान पूर्वी काळं असायचं.

आठ महिन्यांपूर्वी वरचे साहेब लोक आमचं काम बघायला आले होते. दर वीस मिनिटांनी एखादं नाक बॅटरीसाठी खाली येतं, तेवढा वेळ त्याचा भाग काळा पडतो. मोठ्या साहेबांनी पडद्याकडे बघून तोंड वाकडं केलं. "नकाशाला अशी भोकं का पडतात हो?" झालं. मी रात्रीत एक जुगाड केला. नाक जागेवर नसलं की शेजारच्या नाकांच्या आकड्यांवरून अंदाज काढायचा आणि त्या रंगाने भोक बुजवायचं. आधी तो रंग जरा फिका ठेवला होता, म्हणजे खरं कुठलं आणि अंदाज कुठला ते कळावं. पण फिका रंग पडद्यावर मळका दिसायला लागला, म्हणून तोही सारखा करून टाकला. मास्तर म्हणाले, "बाईसाहेब, हे मला पटत नाही. न सोडवलेल्या गणिताला मार्क दिल्यासारखं आहे." मी म्हणाले, "मास्तर, तुम्ही ड्रोन उडवा." एका दिवसापुरतं करायचं होतं ते. साहेब खूश होऊन गेले, आणि मी ते काढायचं विसरले. विसरले म्हणजे काय, नकाशा छान दिसत होता. हात लावावासाच वाटला नाही.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला फोन आला. कोल्ड स्टोरेजमध्ये अमोनियाचा पाइप फुटलाय. पत्ता भावाच्याच कोल्ड स्टोरेजचा. मास्तरांनी गाडी जरा जास्तच जोरात हाणली.

रस्त्याच्या तोंडाशीच डोळे चुरचुरायला लागले. अमोनियाचा वास तसा नाकात लगेच घुसतो, पण त्याचा उपयोग काही नाही. वास सगळीकडेच असतो. कुठे तो नुसता त्रास देईल आणि कुठे जीव घेईल, हे माणसाच्या नाकाला कळत नाही. त्यासाठीच तर आम्ही. मास्तरांनी पाचही ड्रोन चढवले. समोरच्या मोठ्या दालनात बंबाची दोन माणसं पाठीवर हवेची नळकांडी बांधून आत गेली होती. बंबाचे साहेब आमच्या गाडीच्या दाराला टेकून माझ्या पडद्यावरून त्यांना वाट सांगत होते.

तेवढ्यात माझ्या वॉकीटॉकीवर खरखर झाली. मागच्या सरावाच्या वेळी आम्हीच कोल्ड स्टोरेजला एक सेट दिला होता. त्या जाड भिंतींच्या आत मोबाइल चालत नाही.

"ताई, तू आहेस का?"

तो जिवंत आहे हे कळल्यावर मला आधी रागच आला. "कुठे कडमडलायस तू?"

"मागे, पॅनेलच्या खोलीत. चौघं आहोत. मी, पॅकिंगच्या दोघी आणि मावशी." मावशी म्हणजे तिथे वीस वर्षं झाडलोट करणारी बाई. भावाच्या बोलण्यात रोज असायची, याच्या डब्यातलं हक्काने काढून खाणारी. "मशिनच्या बाजूने गॅस आत यायला लागलाय. दाराखाली ओली पोती लावलीत, पण पुरत नाहीत. मावशींना धाप लागलीय. मागचं दार गल्लीत उघडतं. जाऊ का गल्लीने?"

मी पडद्यावर बघितलं. समोरचं दालन लालभडक. मशिनची खोली लाल. मागची गल्ली, दोन उंच भिंतींमधली पट्टी, रस्त्यापर्यंत चाळीस पावलं, हिरवीगार.

"जा. गल्ली मोकळी आहे."

"बघितलंस ना?"

"बघितलं रे बाबा. निघ."

सेट बंद झाला. मी खुर्चीला पाठ टेकली. मास्तरांना सांगावं म्हणून मागे वळले, तर मास्तर गाडीच्या मागच्या फळीवर बसून बॅटरी बसवत होते. त्यांच्या मांडीवर ड्रोन होता, आणि त्याच्या पाठीवर पिवळ्या रंगात चार लिहिलेलं होतं.

चार नंबरचं नाक. मागच्या गल्लीवर नेमलेलं.

"मास्तर, हा कधीपासून खाली आहे?"

"सहा-सात मिनिटं झाली असतील. बॅटरीचं टोक वाकलं होतं, जरा खटपट करावी लागली. का?"

सात मिनिटं त्या गल्लीकडे कुणीही बघत नव्हतं. गल्लीच्या शेजारची दोन नाकं छपराच्या वरून, वारा येतो त्या बाजूने उडत होती, त्यांना हवा स्वच्छच लागणार. त्यांच्यावरून माझ्या जुगाडाने गल्ली हिरवी रंगवली होती. आणि फुटलेल्या पाइपातला अमोनिया गार असतो, पांढऱ्या धुक्यासारखा जमिनीलगत लोळतो. दोन भिंतींच्या मधल्या खोलगट गल्लीत तो भरून राहिला असेल तर वरून उडणाऱ्याला पत्ताही लागणार नाही. हे मी दर सरावाला दुसऱ्यांना शिकवते.

मास्तरांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग पडद्याकडे, आणि त्यांना कळलं.

मी सेटवर ओरडले. "थांब. गल्लीत जाऊ नकोस. ऐकतोयस का? थांब तिथेच."

खरखर. मग त्याचा आवाज. "काय झालं?"

"दार उघडलंस का?"

"मावशींना सोडलं आधी. त्यांना उभं राहवत नव्हतं. तोंडाला ओलं फडकं बांधून दिलं आणि म्हटलं, सरळ जा, ताईने बघितलंय. आता या दोघींना घेऊन मी निघतच होतो."

"दार बंद कर. कुणी बाहेर पडायचं नाही."

"पण तू तर म्हणालीस..."

"मी बघितलं नव्हतं."

सेट चालू होता, कुणीतरी खोकत होतं, ते ऐकू येत होतं.

चार नंबर लगेच चढवता येत नव्हतं. बॅटरी काढली की त्याचा वास घेणारा भाग गार पडतो. तो परत तापून बाकीच्यांशी जुळायला पाच मिनिटं लागतात. शिवाय नाकांना कॅमेरा नाही. मावशी गल्लीत कुठे आहे, रस्त्यापर्यंत पोचली की मध्येच पडली, हे बघू शकत होता तो एकटा पोस्टमन. त्याच्या पोटाला कॅमेरा आहे, दिवा आहे आणि कामचलाऊ नाकही आहे. पण पोस्टमनला त्या भिंतींमध्ये खाली उतरवायचं म्हणजे नकाशा जाणार, सेट जाणार, सगळंच बंद.

बंबाच्या साहेबांनी सगळं ऐकलं होतं. "माझी दोन माणसं आत आहेत," ते म्हणाले. "तुमच्या नकाशाच्या भरवशावर आहेत."

मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

"दोन मिनिटं द्या," ते म्हणाले. "त्यांना बाहेर काढतो, मग काय करायचं ते करा. तीच माणसं गल्लीकडे पाठवतो."

दोन मिनिटं म्हणजे काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. मी भावाला सेटवर सांगितलं, "ऐक. पोस्टमन खाली आणतेय. थोडा वेळ तुला मी ऐकू येणार नाही. दाराच्या वरच्या काचेतून गल्लीत बघत राहा. पांढरा दिवा लागला तर निघा. लाल लागला तर दार उघडायचं नाही, काही झालं तरी. मास्क घेऊन माणसं येतायत. कळलं?"

"मावशी?"

"तिलाच बघायला आणतेय."

"ताई, आत फार झालंय आता," तो म्हणाला. एवढंच. लहानपणी जसं दाराबाहेरून बोलायचा ना, तसा आवाज. मला रडू फुटलं असतं, पण तेवढ्यात साहेबांनी हात वर केला. त्यांची माणसं बाहेर आली होती.

मास्तरांनी पोस्टमन उतरवला. तिथून पुढे तो आमचं ऐकू शकत नव्हता. काय करायचं ते आधीच त्याला देऊन ठेवलं होतं. गल्लीत खाली उतर, टोकापर्यंत जा, आकडा वाढला तर लाल दिवा, नाही तर पांढरा, आणि परत वर ये. पडद्यावर एकेक चौकोन काळा पडत गेला. आठ महिन्यांनी मी नकाशा काळा बघत होते. सेटमधून नुसती फुसफुस. मास्तर मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. बाहेर रस्त्यावर एक बाई पोराला ओढत नेत होती आणि पोराला मागे वळून बंब बघायचा होता.

मला भीती वाटत होती, हे काय वेगळं सांगायला हवं? पण कशाची, ते सांगते. पोस्टमन वर येईल याची. तो येईपर्यंत सगळं काळं होतं, आणि काळ्यात भाऊ अजून काचेपाशी उभा होता, मावशी अजून चालत होती.

"एक मिनिट पन्नास," मास्तर म्हणाले, आणि पोस्टमन छपराच्या वर आला.

त्याच्याकडे साठलेलं सगळं एकदम येऊन आदळलं. आधी आकडा. तीनशेच्या वर असेल तर माणसाने तिथे थांबू नये असा आमचा नियम. गल्लीत दोन हजार होते. मग चित्रं. पहिल्या चित्रात मावशी, दारापासून बारा-पंधरा पावलांवर, भिंतीला धरून बसलेली. दुसऱ्यात आडवी. तिसऱ्यात लाल दिव्याचा उजेड धुक्यावर पडलेला. चौथ्या चित्रात गल्लीत दोन माणसं होती.

मी सेट उचलला. "कुठे आहेस तू?" उत्तर नाही. "ए, बोल ना रे. कुठे आहेस?" फुसफुस. परत हाक मारली. परत. कितीदा ते आठवत नाही. मास्तरांनी शेवटी माझ्या हातातून सेट काढून घेतला आणि शाळेतल्या त्या आवाजात म्हणाले, "खोलीत जे कोणी असेल त्याने उत्तर द्या."

पॅकिंगमधली एक मुलगी बोलली. हुंदके देत होती. "दादा बाहेर गेले होते. मावशीला ओढून आत आणलं. दोघं खाली पडलेत. काय करू?"

"दोघांचे डोळे पाण्याने धुवा," मास्तर म्हणाले. "धूत राहा. थांबू नका. माणसं दारात पोचतच आहेत."

बंबाच्या माणसांनी चौघांना बाहेर काढलं. भाऊ आपल्या पायांनी चालत आला, दोघांच्या खांद्यांवर हात टाकून. मला बघून हसायला गेला आणि ओकला.

"लाल दिवा बघितला नव्हतास का?" मी विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही मला.

"बघितला," तो म्हणाला. आवाज नव्हताच, नुसती हवा होती. "पण मावशी पण दिसली ना."

त्याच संध्याकाळी ऑफिसात बसून मी तो जुगाड काढून टाकला आणि नकाशाला भोकं परत पाडली. काय केलं होतं ते कागदावर लिहून दिलं, सही केली. मोठे साहेब म्हणाले, चौकशी होईल. होऊ दे.

तिसऱ्या दिवशी दुपारी हॉस्पिटलमध्ये गेले. भावाचा घसा भाजला होता, पण तो उठून हिंडत होता आणि मावशीच्या कॉटपाशी स्टुलावर बसला होता. मावशीच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. हात चादरीवर, बोटं सारखी कशाचा तरी कोपरा चाचपत होती.

"मावशी, ताई आलीय," भाऊ म्हणाला. आणि मी तोंड उघडायच्या आत त्याने घाईघाईने पुढे जोडलं, त्याच फाटक्या आवाजात, "तिने बघितलं होतं हो. गॅस नंतर आला असेल."

मला वाटलं होतं की गल्लीच्या वेळी घाबरले त्याहून जास्त आता काही घाबरायचं उरलं नाही. उरलं होतं. मी सहज गप्प बसू शकले असते. त्याने सगळं तयारच करून ठेवलं होतं, फक्त मान हलवायची होती, आणि मावशीला ती दिसणारही नव्हती.

"नाही मावशी," मी म्हणाले. "मी बघितलं नव्हतं. न बघताच सांगितलं."

भावाने मान खाली घातली. मावशीची बोटं थांबली. शेजारच्या कॉटवर कुणीतरी चमचा पाडला, तो उचलला गेला.

"डॉक्टर काल म्हणाले, डोळे ठीक होतील," शेवटी ती म्हणाली. "पट्टीच्या वरूनच म्हणाले. आत बघितलंय का त्यांनी, का असंच माझी समजूत घालायला?"

"मी विचारून येते," म्हणत मी उठले.

"तू नको," मावशी म्हणाली. रागाने नाही. बाजारात एखादी वस्तू बाजूला ठेवावी तसं. "त्याला जाऊ दे."

भाऊ उठला. दारापाशी जाऊन एकदा थांबला, जिन्याखालच्या त्या खोलीपाशी थांबायचा तसा, आणि माझ्याकडे बघितलं. मी काही सांगितलं नाही. मग तो गेला, आणि मी स्टुलावर बसून तो परत यायची वाट बघत राहिले.